ओठामागचा पहारा

"काल चिमीचा पापा घेतला, तेव्हा हे ओठावर होतं का?" लेकीबद्दलच्या या एका प्रश्नाने पौर्णिमाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. खालच्या ओठाच्या कडेला बारीक फोडांचा झुबका आला होता. ती मोबाईलवर पुटपुटत वाचत होती, आणि जितकं वाचत होती तितकी झोप आणखी लांब पळत होती.

त्या जागरणाने माझं मात्र कंबरडं मोडत होतं. मी पौर्णिमाच्या शरीरातली, रोगाशी लढणारी पहाऱ्यावरची पेशी बोलतेय. तिच्या कानापुढे, हाडाच्या आत, चेहऱ्याच्या नसेची एक गाठ आहे. तिथे माझी ड्युटी. मला दिसत काही नाही, पण कान शेजारीच असल्याने घरातलं सगळं ऐकू येतं.

माझा जन्म हाडांच्या मगजातला, शाळा छातीच्या हाडामागे. शाळा फार कडक. परका ओळखता आला नाही तर नापास, आणि घरच्यावरच हात उगारला तरी नापास. बहुतेकजणी तिथेच संपल्या. मी कशी पास झाले, याचं मला अजून नवल वाटतं. खरं तर तेव्हाची मी आता उरलेलीही नाही. आमच्यात एकीच्या दोन होतात, जुनी जाते, ओळख तेवढी पुढे चालत राहते.

या शत्रूची ओळख झाली पौर्णिमाला दात येत होते तेव्हा. डोळखांब गावी तिची आई चिमाबाई नाचणीची भाकरी आधी स्वतः चावायची आणि मऊ झालेला घास लेकीच्या तोंडात द्यायची. आजूबाजूच्या आयाही तसंच भरवत. अशाच कुठल्या तरी घासाबरोबर हा हर्पिसचा विषाणू आत आला. पौर्णिमाला ताप भरला, तोंड आलं. आम्ही तुटून पडलो आणि जिंकलो, असं आपलं समजलो. तो मात्र नसेच्या वाटेने वर सरकला आणि या गाठीत शिरून गप्प बसला.

इथे आमची पंचाईत झाली. ज्या पेशीत तो लपलाय ती मारावी, तर नसच जाते, आणि गेलेली नस परत येत नाही. म्हणून आम्ही नुसता वेढा घालून बसतो. त्याने डोकं वर काढलं की दाबायचं, घराला धक्का लागू द्यायचा नाही. त्याला बाहेर काढणं आम्हाला जमलं नाही. जमणारही नाही बहुतेक.

पौर्णिमा शिकली, मुकेशशी लग्न होऊन खर्डीला आली, चिमी झाली. चिमी बोलायला लागली तेव्हा चिमाबाई मोठ्या हौसेने राहायला आली. आणि एका दुपारी पौर्णिमाचा आवाज चढला.

"आई, काय करतेस हे?"

"काय म्हंजे? पोरीला घास देते."

"चावून? तुझ्या तोंडातले जंतू तिच्या तोंडात जातात."

"तू पन ह्याच घासावर वाढली गो."

"म्हणूनच माझ्या ओठावर सारखं येतं. ते तूच दिलंस मला."

चिमाबाईच्या पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. "मुकेशला सांग, मी एस्टीनं जाते. जावयाच्या घरात जंतू नको."

"आजी कुठं चालली?" चिमीने विचारलं.

"तिच्या घरी. तुला उष्टं भरवते ना ती, म्हणून."

शास्त्र पौर्णिमाचंच बरोबर होतं. पण चिमाबाईलाही तो विषाणू कुणाच्या तरी मायेच्या घासातूनच मिळाला असणार. मला वाचा असती तर तेवढं तरी सांगितलं असतं.

आई गेली आणि लेकीची झोप गेली. काळजी वाढली की हिच्या रक्तात असं काही उतरतं, की आमचे हात ढिले पडतात. तो निसटला, नसेने खाली उतरला आणि ओठावर आला. या वेळी ओठ चिमाबाईचा नव्हता, पौर्णिमाचाच होता.

मग पौर्णिमा तोंडावर ओढणी बांधून वावरू लागली. चिमी गळ्यात पडायला आली की तोंड फिरवायची. तरीही चिमीला ताप आलाच, तोंडभर फोड आले. पाणीसुद्धा गिळवेना.

शहापूरच्या डॉक्टरीणबाईंना पौर्णिमाने आधी हेच विचारलं, "माझ्याकडून आला की माझ्या आईकडून?"

"ते नका शोधू," त्या म्हणाल्या. "ओठावर काही नसतानाही तो लाळेतून जातो. बहुतेकांना लहानपणीच होतो. थोडं थोडं पाणी पाजत राहा. पाणी पिणं सोडलं, तर लगेच घेऊन या."

चिमी बरी झाली. आता तिच्याही कानापुढे माझ्यासारखी कुणी नवखी पहाऱ्याला बसली असेल. तिला माझं एकच सांगणं आहे, शत्रू जाणार नाही, पण त्याच्यापायी घरातलं माणूस जाऊ देऊ नकोस. आणि पौर्णिमा, तुझ्याकडे एकच मागणं आहे. झोपत जा गो. तू जागी राहिलीस, की मला पहारा झेपत नाही.

आज तिचा ओठ कोरडा आहे. ओढणी सोडल्याची सळसळ मला ऐकू आली.

"चिमी, ये. पापा दे आईला. आता काय नाय होत."

पावलं जवळ आली आणि थांबली. चिमीचा आवाज तळहाताआडून, दबलेला आला.

"नको. मग तुला पण आजीसारखं पाठवतील."