फाटकासमोरची सलामी

मित्रांनो, मी बाजूला साइडकार जोडलेली एक जुनी मोटारसायकल आहे. माझे इंजिन आज गार आहे, पण डोके तापलेले आहे.

तरुणपणी एका बेकरीवाल्याने मला राब राब राबवले. त्याने टेम्पो घेतला आणि मला गोदामामागे गंजत टाकले. तिथून एका वेल्डरने मला उचलले. त्याने माझा सांगाडा सरळ केला, साइडकारचा तळ नवा बसवला. गादी त्याच्या बायकोने शिवली. मग काय, लोक वळून वळून बघायचे आणि म्हातारपणी मी मिरवायचे.

वेल्डर मोटारसायकलवाल्यांच्या एका मंडळात आहे. दरवर्षी आम्ही फेरी काढतो, वाटेत मदत गोळा करतो आणि विशेष मुलांच्या निवासी शाळेला देतो. काम चांगलेच आहे. माझा राग आहे तो सलामीवर. मुक्कामी पोचले की मंडळाचा कप्तान हात वर करतो आणि सगळे जागच्या जागी ॲक्सिलरेटर पिळून इंजिने गरजवतात. आमच्या मंडळींना तो मान वाटतो.

त्या शाळेत एक मुलगी आहे. मोठा आवाज झाला की ती स्वतःचे मनगट चावते. तिला माझ्या साइडकारमध्ये बसायचे होते. म्हणून वेल्डर दर रविवारी अलीकडच्या वळणावर इंजिन बंद करून मला फाटकापर्यंत ढकलत न्यायचा. सुरुवातीला ती दाराआडून बघायची, मग पायरीवर येऊ लागली. एकदा तिने गादीवर हात ठेवला. "फेरीच्या दिवशी बसणार," असे तिने शाळा चालवणाऱ्या मावशींना सांगून टाकले.

मावशींनी कप्तानाला आधीच बजावले. "दादा, वळणावरच गाड्या बंद करा. एवढं एक ऐका."

"मावशी, तुमचा शब्द खाली पडू देणार नाही," कप्तान म्हणाला.

फेरीच्या दिवशी सगळे खरोखरच गाड्या ढकलत आले. मुलगी पुढे झाली. तिचा एक पाय साइडकारमध्ये पडला होता. तेवढ्यात फोटोवाल्याने कॅमेरा उचलला आणि कप्तानाचा हात वर गेला. माझ्याखेरीज सगळी इंजिने सुरू झाली आणि एकदम गरजली.

मुलगी धडपडत खाली पडली, उठली आणि मनगट तोंडात धरून आत पळाली. वेल्डरने कप्तानाच्या गाडीची चावीच उपसून काढली.

"अरे, मिनिटभराचं तर होतं," कप्तान म्हणाला. "मुलांना मजा येते."

"कुठल्या मुलांना?" मावशी म्हणाल्या. "मला तर इथे मिशीवाली मुलंच मजा करताना दिसली."

"आम्ही एवढं करतो, त्याचं काहीच नाही का?"

"करता ना. मग सांगितलेलंही करायचं होतं."

मदत मावशींनी घेतली. नाही म्हणायची शाळेची ऐपत नव्हती. मग त्यांनी फाटक लावून घेतले.

पुढच्या रविवारी वेल्डरने मला पुन्हा ढकलत नेले. मुलगी आली नाही. माझे इंजिन तर सुरूही झाले नव्हते, पण आता तिला माझीच धास्ती वाटते. हे तिला कोण समजावणार?

मित्रांनो, कुणाच्या मदतीला जाल तेव्हा त्यांना काय सोसत नाही ते आधी विचारा, आणि शब्द दिलात तर पाळा. तुमची हौस त्यांच्या दारात फेडू नका. मान द्यायचाच असेल तर गाडी ढकलत या आणि ढकलतच परत जा. घाम येईल. येऊ द्या.