मधलं पान

धम्मानंद सरांनी हात खाली करून वादकांना थांबवलं. नौबादच्या समाजमंदिरात वीस वादक बसले होते. काही शाळांतले संगीतशिक्षक, काही लग्नाच्या बँडमधले. ट्रम्पेट वाजवणारा मडिवाळप्पा नरमाईनं म्हणाला, की पुन्हा तिथंच अडकतंय.

सरांना ते ठाऊक होतं. नऊ वर्षं ते ही रचना लिहीत होते. वाद्यवृंदाची शिस्त आणि जॅझची मोकळीक त्यांना एकत्र हवी होती. सुरुवात जमली होती, शेवटही. मध्ये मात्र व्हायोलिनं थांबायची, सॅक्सोफोन सुरू व्हायचा आणि सांधा उघडा पडायचा.

महिन्यापूर्वी मंजुश्रीनं तो मधला भाग लिहून आणला होता. तिचा बाप कोळारच्या कारखान्यात कामाला. ती सहा वर्षं सरांकडे सॅक्सोफोन शिकत होती. तिनं व्हायोलिनांचा शेवटचा सूर संपूच दिला नव्हता. सॅक्सोफोन त्याच सुरातून वर येत होता. सरांनी ते पान दोनदा वाचलं; नऊ वर्षं त्यांना न जमलेलं तिथं जमलं होतं. कच्चं आहे, असं सांगून त्यांनी पान कपाटात टाकलं. तिनं मान डोलावली. तेव्हापासून ते तिच्या वाजवण्यातल्या चुका काढत राहिले, नसलेल्याही.

आता कार्यक्रमाला आठ दिवस उरले होते. सरांनी पिशवीतून त्या पानाच्या प्रती काढून वाटल्या. कुणाचं, ते सांगितलं नाही.

वादकांनी ते एका दमात वाजवलं. कुणी अडलं नाही. मडिवाळप्पानं ट्रम्पेट मांडीवर ठेवला.

"सर, हे इतके दिवस कुठं लपवून ठिवलं होतं?"

मागच्या रांगेत मंजुश्री खाली बघत होती.

"मंजुश्रीनं लिहिलंय," ते म्हणाले.

सगळे वळले. ती गडबडून उभी राहिली.

"सरांनीच शिकिवलेलं हाय की सगळं."

त्यावर नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"न्हाई. हे मी शिकवलेलं न्हाई."

तिचा चेहरा उतरला. आणखी एक चूक निघाली, असंच तिला वाटलं असावं. सर वादकांच्या मधून वाट काढत तिच्यापर्यंत गेले आणि शेजारची खुर्ची ओढून बसले.

"कसं केलीस, सांग," ते हळू म्हणाले. "मला येत न्हाई हे."