वाघदेवाचं निशाण

केसरीनाथ आणि हरेश हे सख्खे भाऊ. वळ गावात एकाच घरात राहायचे, पण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. थोरला केसरीनाथ उभा राहिला आणि धाकटा हरेश समोरच्या पॅनेलचा प्रचार करत आळीआळीतून फिरला. केसरीनाथ पडला. तेव्हापासून "काकाला सांग, मोटर बंद कर म्हणावं," असली बोलणी पोरांमार्फत व्हायची.

चैत्र पौर्णिमेला डोंगरावर वाघदेवाचं निशाण बदलायचा मान मात्र त्यांच्या घराचा होता, आणि ते काम एकट्याचं नव्हतं. माथ्याच्या अलीकडे दोन पुरुष उंचीचा सरळसोट कातळ उभा होता. एकाने खाली पाय रोवायचे, दुसऱ्याने त्याच्या खांद्यांवर उभं राहून वरची कड धरायची. वडील सावळाराम गुडघ्यांमुळे घरीच होते.

"देवाला तुमचं पॅनेल म्हाईत न्हाय," त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. "दोघांनी जायचं."

दोघं निघाले, पण दुसऱ्याला हाक कोणी मारायची यातच सकाळ गेली. पायथ्याला मोटारसायकल लावली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. वाळलं गवत पायाखाली सटासट निसटत होतं. पुढे नुसते दगडधोंडे. हात टेकला तर चटका बसायचा. निशाण, नारळ आणि पाणी हरेशच्या पाठीवरच्या पिशवीत होतं. तो दोनदा थांबून पाणी प्यायला. दुसऱ्या वेळी बाटली पुढे करावी असं त्याच्या मनात आलं, पण केसरीनाथने तोंड फिरवलं, आणि हरेशने झाकण लावून टाकलं.

कातळापाशी उभं राहायला जेमतेम हातभर रुंद पट्टी होती. तिच्या पलीकडे दरी. केसरीनाथ कातळाला हात टेकून वाकला. हरेशने बूट काढले आणि त्याच्या खांद्यांवर पाय ठेवला.

खांदे थरथरत होते.

अजून किती राग धरलाय याने, हरेशला वाटलं. एक पाऊल बाजूला सरकला तर? कोणाला कळणार होतं? त्याने वर बघितलं, कड पकडली, कोपरं टेकली आणि जीव खाऊन अंग वर ओढलं.

वर वारा होता, पण गरम. त्याने विरलेलं निशाण उतरवलं, नवं बांधलं, नारळ फोडला, हात जोडले. मग पिशवी पाठीला अडकवून कडेशी आला आणि पोटावर पालथा होऊन पाय खाली सोडले.

उतरणाऱ्याला खालचं काही दिसत नाही. खालच्याने सांगायचं असतं: डावा पाय घे, अजून खाली, आता सोड. आज कोणी काही सांगत नव्हतं. हरेशने पाय चाचपले. खांदा लागेना.

"खांदा दे ना!" तो ओरडला.

छातीखालची खडी सरकली आणि तो वीतभर घसरला. बोटं कडेच्या खाचेत रुतली. त्याच्या तोंडून हाक निघाली ती पहिल्यासारखीच, "दादा!"

खालून नुसतं कण्हणं आलं.

कसाबसा गुडघा वर घेत तो पुन्हा माथ्यावर आला आणि डोकं खाली काढून बघितलं. केसरीनाथ पट्टीवर आडवा पडला होता. एक हात दरीच्या बाजूला लोंबत होता, आणि तो उठायला धडपडत होता.

"दादा, हलू नको! कड हाय तुझ्या अंगाशी!"

"डोळ्यांपुढं अंधार..."

"पडून राहा! मी येतो!"

दादाच्या अंगावर उडी घेता येत नव्हती. उजवीकडे पट्टी आणखी अरुंद होती, पण फटीतून एक झुडूप आलं होतं. हरेश तिकडे सरकला, कड धरून लोंबकळला आणि हात सोडले. पाय मुरगळला, कळ मस्तकात गेली, पण झुडूप हाती लागलं. रांगत जाऊन त्याने आधी भावाच्या कमरेचा पट्टा गच्च धरला, मग त्याला ओढून कातळाच्या सावलीत आणलं. अंग भट्टीसारखं तापलं होतं. डोक्यावर पाणी ओतलं, घोट घोट पाजलं.

बऱ्याच वेळाने केसरीनाथची नजर ठिकाणावर आली.

"पाणी का न्हाय प्यायलास?" हरेश चिडून म्हणाला.

"बाटली तुझ्याकडं होती." केसरीनाथने डोळे मिटले. "मागायला लागली असती."

हरेशने बाटलीचं झाकण उघडून ती पुन्हा भावाच्या हातात दिली.

उन्हं कलल्यावर ते उतरायला लागले. एकाचा पाय टेकत नव्हता, दुसऱ्याला मधेच भोवळ यायची. एकमेकांना धरून, बसत, घसरत त्यांनी दगडधोंड्यांचा उतार ओलांडला. झाडी लागल्यावर केसरीनाथने विचारलं, "परत निवडणूक आली तर तू त्यांच्याकडंच जाशील?"

हरेशला खोटं बोलता आलं असतं.

"जाईन. गावाला पाणी त्यांनीच आणलं, दादा."

केसरीनाथ चालता चालता थांबला. हरेशच्या दंडावरची त्याची पकड घट्ट झाली.

"मग ते घरी येऊन मला सांगायचं होतंस," तो म्हणाला. "मला ते चौकात दुसऱ्याकडनं कळलं."

"चुकलं माझं."

केसरीनाथने पुन्हा पाऊल उचललं. थोड्या वेळाने पुढच्या दगडाकडे बोट दाखवत तो म्हणाला, "तो हलतोय. डावीकडनं ये."