नवरा पसंत नाय

लखमाचा मुलगा शाम अठ्ठावीस वर्षांचा झाला, धसईच्या अलीकडच्या वाडीतल्या रुपालीशी त्याचं जमलं, मांडवासाठी बांबू तोडून आणले, आणि मग लग्न लावणारी लहानी धवलारीण ओटीवर बसून पान लावता लावता सहज म्हणाली, "शाम्याच्या आयबाचा लगीन कुणी लावला रं? माझ्या तं ध्यानात नाय."

लखमानं बायकोकडं, म्हणजे भिमीकडं पाहिलं. भिमीनं चुलीकडं पाहिलं.

लावलंच नव्हतं कुणी! आता यात लाजायचं काही नाही बरं का. डोंगरातल्या वाड्यांवर असं चालतं. दोघं एकत्र राहायला लागतात, मग एखाद्या वर्षी भात बरं पिकलं, चार कोंबड्या जास्त झाल्या, की हळद लावून घेतात. लखमाचं भात बत्तीस वर्षं बेताचंच पिकलं, आणि एका वर्षी बरं पिकलं तर नेमका बैल मेला. राहूनच गेलं ते. पण आईबापाच्या अंगाला हळद लागल्याशिवाय पोराच्या अंगाला लागायची नाही, ही वाडीची रीत. लहानीनं सुपारी तोंडात टाकली आणि निकाल देऊन टाकला. मंगळवारी आईबापाचं, बुधवारी पोराचं, मांडव एकच.

"आन् समदा रीतीनं व्हायाला पायजे," ती म्हणाली. "भिमीनं भावाकडं जायाचा. तुमी मागणी घालायची. ती हो बोलली की आणायची. नायतर मी गाणार नाय, सांगून ठेवते."

"हां हां," लखमा म्हणाला. त्याला वाटलं, एसटीची दोन तिकिटं आणि एक बाटली, एवढ्यात काम होईल.

शुक्रवारी भिमी किन्हवलीकडं माहेरी गेली. शनिवारी लखमा मागणी घालायला निघाला. आता मुलाच्या बाजूनं बोलायला घरातलं मोठं माणूस लागतं. लखमाच्या घरातली मोठी माणसं केव्हाच वर गेलेली, सगळ्यात मोठा राहिला तो लखमाच. म्हणून बोलायला शामला घेतला.

भिमीच्या भावानं, मंगळूनं, घोंगडी अंथरली, पाणी दिलं, खाकरला, आणि लखमाला जन्मात पाहिलं नाही अशा थाटात शामला विचारायला लागला.

"मुलगा काय करतो?"

"शेती हाय. उन्हाळ्यात डिंक, मध. मुरबाडला मजुरीला पण जातो."

"वय?"

शामनं बापाकडं पाहिलं. "छप्पन."

"जरा निब्बर हाय. दारू?"

"सणासुदीला."

"खोटा नको बोलू रं."

"बाजाराच्या दिवशी पण."

"पहिलाच लगीन ना?"

"पहिलाच. एक पोरगा हाय पण."

"अरे देवा! कुठं असतो पोरगा?"

"मीच तो, मामा."

"सभावानं कसा हाय?"

"चांगला हाय," शाम म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

मग भिमी आली. नवी हिरवी साडी, डोक्यावरून पदर, हातात तांब्या. लखमाला हसू आवरेना. मंगळूनं पुन्हा खाकरून विचारलं, "बोल गो भिमे. मुलगा बघितलास. तुजा काय म्हणणा?"

"नाय," भिमी म्हणाली.

सगळे खो खो हसले. मंगळूची बायको मैना तर तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकली.

"नवरा पसंत नाय," भिमी म्हणाली, आणि तांब्या उचलून आत निघून गेली. हसणं तिथंच थांबलं.

परतीच्या एसटीत लखमानं असा काही तोंडाचा पट्टा सोडला की विचारू नका. "काय समजते काय सोताला! कालची पोरगी हाय का? नाय तं नाय! माझा काय अडलाय!" कंडक्टरनं त्याला दोनदा गप्प बसवलं. शाम बिचारा खिडकीबाहेर बघत बसला. त्याचं मात्र सगळंच अडलं होतं.

वाडीवर बातमी त्यांच्या आधी पोचलेली. कशी, ते देव जाणे. लोक भेटायला आले. एकानं सांगितलं, केसांना कलप लाव. दुसऱ्यानं सांगितलं, सोड तिला, दुसरी बघू. लखमानं दुसऱ्याच्या अंगावर पायताण फेकलं. लहानीनं हात झटकले. "माझ्याकडं बघू नको. पोरगी नाय बोलली म्हणजे नाय."

रविवारी लखमा रागावलेला होता, सोमवारी रुसलेला. सोमवारी संध्याकाळी त्यानं स्वतःच भात शिजवला. पहिला घास घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, "कच्चा राहिलाय." आणि वाट बघत बसला. "मग तू कर ना उद्यापासून!" असं रोजच्यासारखं चुलीपाशी कुणी म्हणालं नाही. कुणी भांडं आपटलं नाही. शाम खाली मान घालून जेवत होता. लखमाला एकदम भीती वाटली. शामचं लग्न मोडेल याची नव्हे, त्याची तर होतीच. ती खरंच बोलली असेल तर? त्यानं ताट बाजूला सारलं.

मंगळवारी पहिल्या गाडीनं तो एकटाच निघाला.

भिमी घरी नव्हती. मंगळूनं मागच्या टेकाडाकडं बोट दाखवलं. तिथं करवंदाच्या जाळीत भिमी आणि मैना, दोघी पन्नाशीच्या बाया, पोरांचा खेळ खेळत होत्या. करवंद चावायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. आधी ओळखायचं, आणि चुकलं तर जाळीभोवती लंगडी घालायची. भिमी लंगडी घालत होती! पाण्याला जाताना गुडघा दुखतो म्हणून दोनदा टेकणारी भिमी, साडी खोचून, जांभळ्या ओठांनी हसत, एका पायावर उड्या मारत होती. लखमानं तिला असं हसताना कधी पाहिलं होतं? त्याला आठवेना, आणि आठवत नाही याची त्याला लाज वाटली.

"भिमे, मांडव उभा हाय."

"असू दे."

"मी काय वाईट केला तुजा?"

भिमी धापा टाकत दगडावर बसली. "तू वाईट नाय. पण तू आमच्याकडं भात कापायला आलेलास, आठवतो? जाताना इळा विसरलास. आय बोलली, जा, देऊन ये. मी इळा द्यायला आलेली, लखमा."

बत्तीस वर्षांत तिनं पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं होतं.

"दिवस बुडाला. तुजी आय बोलली, जेव. सकाळी बोलली, येवढा पाणी आण. मी आणला. मग बोलली, भात कांड. मी कांडला. मला वाटला, उद्या जाईन."

"मग?"

"मग काय! शाम झाला."

लखमा मटकन खाली बसला. पोरगी आपल्या पाठून चालत आली, हे तो बत्तीस वर्षं बाजारात, मुरबाडच्या चहाच्या टपरीवर, मयताला गेला तरी तिथं, छाती पुढं काढून सांगत आला होता. आणि ती इळा द्यायला आली होती!

"राहायचा नव्हता असा नाय," भिमी म्हणाली. "पण कुणी विचारायला नको?"

रानात वाट चुकला तरी दुसऱ्याला न विचारणारा हा माणूस. बराच वेळ तो जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "येतेस का माझ्या घरी? आन् नाय बोललीस तरी चालंल. शामच्या लग्नाचा मी बघतो. लहानीच्या पाया पडंन."

"नाय बोलली तरी चालंल?"

"चालंल."

"मग नाय."

लखमानं मान हलवली. टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि उतार उतरायला लागला. भिमी बघतच राहिली. तो ओरडला नाही. कुणी तिला काही म्हणालं नाही. टेकाड होतं तिथंच होतं. आणि मग भिमीला जे हसू फुटलं, ते मैनेला वाटलं करवंद घशात अडकलं. ती पाठीत धपाटे घालायला धावली.

"मैने, मी नाय बोलली गो! आन् तो गप टोपी घालून चालला बघ! ए, थांब रं! परत विचार!"

लखमा वळला. "येतेस?"

"नाय!"

"येतेस का?"

"नाय नाय नाय!" भिमी टाळ्या पिटत होती. चौथ्या-पाचव्या वेळी लखमाही हसायला लागला. माणूस नकार खाऊन इतका खूश होतो हे मैनेनं पहिल्यांदाच पाहिलं.

"चल," भिमी शेवटी डोळे पुसत म्हणाली. "शामच्या लग्नाला येते. माझ्या लग्नाचा बघू."

किन्हवलीहून भगीरथ ड्रायव्हरची वडाप जीप मिळाली. आत तेरा माणसं, त्यात मंगळू आणि मैना धरून. जीप सुटली आणि लखमानं विचारलं, "येतेस?" "नाय." पुढच्या फाट्यावर पुन्हा तेच. केळीची पाटी घेऊन बसलेल्या माणसानं काय भानगड आहे ते विचारलं, मंगळूनं सांगितली, आणि मग काय, जीपमध्ये दोन पार्ट्याच पडल्या. बाया म्हणाल्या, अजिबात हो बोलू नका मावशी. बाप्ये म्हणाले, बिचाऱ्याचा चेहरा तरी बघा. सरळगावला भगीरथनं गाडी थांबवली. "मावशी, हो बोला, नायतर गाडी पुढं जाणार नाय."

"मग मी चालत जाते," भिमी म्हणाली. भगीरथनं मुकाट्यानं गाडी चालू केली.

केळीवाल्याचं उतरायचं ठिकाण केव्हाच मागं गेलं, तो उतरेना. कुणीच उतरेना. शेवटी जीप धसईवरून थेट वाडीच्या चढाखाली येऊन उभी राहिली, आणि सगळेच्या सगळे, भगीरथसकट, चढ चढायला लागले. नवरीकडचं वऱ्हाड ते! केळीची पाटी आहेरात धरली.

मांडवाखाली, घराच्या दारात लहानी कमरेवर हात ठेवून उभी. शाम हळदीची वाटी घेऊन उभा, चेहरा पडलेला. सगळी वाडी गोळा झालेली. आणि तिथं येऊन लखमा गप्प झाला.

"विचार ना," भिमी म्हणाली.

"भ्या वाटतो गो."

"कशाचा? वाटंत तं लय विचारत होतास."

"इथं नाय बोललीस तं खरा होईल. मग मी भांडू कुणाशी घरात? भात कच्चा राहिलाय, कुणाला सांगू?"

लखमानं टोपी काढली.

"भिमे, राहशील का माझ्या घरी?"

भिमीनं घाई केली नाही. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, बघायला आलेल्या मुलाला पाहावं तसं, निवांत. केळीवाला श्वास धरून उभा होता.

"हां," ती म्हणाली. "राहीन."

लखमा दारातच खाली बसला आणि गळा काढून रडायला लागला. शाम म्हणाला, "बा, लोक बघतात." लखमाला ऐकूच गेलं नाही. लहानी वैतागली. "आता काय करू? नवरीच्या रडण्याचा गाणा येतो मला, नवऱ्याच्या रडण्याचा कुठून आणू?"

"रडू दे त्याला," भिमी म्हणाली. "कुणाला घाई हाय?"

आणि जिथून ती बत्तीस वर्षं डोक्यावर हंडा घेऊन न बोलावता आत शिरत आली होती, त्या दाराबाहेर, त्याच्या शेजारी, हिरवी साडी सावरून तिनं मांडी घातली, आणि आतून कुणी या म्हणेल तेव्हा म्हणेल, म्हणून आरामात बसून राहिली.