मी वीज नळात नेली

मी गिझरमागची हिरवी वायर बोलतेय. मला अर्थिंग म्हणतात. बाकीच्या वायरी दिवसभर राबतात, मी नुसती पडून असते. पण गिझरमधून वीज गळू लागली, तर ती मुकाट्याने जमिनीत नेऊन सोडायची, हे माझं काम. त्यासाठी माझं टोक स्वयंपाकघरातल्या नळाच्या लोखंडी पाइपला आवळलं होतं. पाइप जमिनीत उतरायचा. त्याच्या जिवावर मी निर्धास्त.

पाइप गंजला. प्लंबरने खालचा तुकडा कापून प्लास्टिकचा बसवला. "आता नातवंडांपर्यंत बघायला नको!" म्हणाला. प्लास्टिकमधून वीज जात नाही; माझा जमिनीत जायचा रस्ताच त्याने कापला होता. मी त्याला काय सांगणार?

पुढे गिझर बिघडला. गळणारी वीज मी इमानाने उचलली आणि थेट नळात नेऊन ठेवली.

"आई, नळाला हात लावला की मुंग्या येतात," सून म्हणाली.

"कामाचं नाव काढलं की येतातच गं तुला!" सासूबाई म्हणाल्या.

मुलगा हसला आणि त्याने नळापाशी रबरी चपला आणून ठेवल्या. झाला उपाय! अहो, भांडी घासायला चपला चढवाव्या लागतात, तरी कुणाला इलेक्ट्रिशियन आठवू नये? मी चिडायचे, आणि वीज मात्र मीच आणून द्यायचे.

एका सकाळी सासूबाईंनी चपला पायाने बाजूला सारल्या. "बघ, मला काही होतं का!" ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून त्यांनी नळ धरला. मूठ मिटली ती सुटेना.

मुलगा धावला. "त्यांना हात लावू नका!" सून ओरडली आणि तिने आधी मेन स्विच पाडला.

सासूबाई वाचल्या. तळहात भाजला, दोन बोटं अजून वळत नाहीत. आता गिझर दुरुस्त झालाय, मला बाहेर जमिनीत पुरलेल्या सळईशी जोडलंय, शिवाय वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विचही बसवलाय. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "वायरीचा काही दोष नाही." त्याचं ठीक आहे. ती बोटं मला रोज दिसतात.

तुम्हाला हात जोडून सांगते, मुंग्या आल्या तर हसण्यावारी नेऊ नका. वीज बंद करा, माणूस बोलवा.

सासूबाई नळापाशी गेल्या की सून अजूनही हातातलं काम टाकून मेन स्विचखाली जाऊन उभी राहते. तिला म्हणावंसं वाटतं, जा बाई, बस जरा, आता मी आहे. पण कुठल्या तोंडाने म्हणू?