टोपाखालचे केस

दिग्दर्शक म्हणजे शहाणपणाचं पोतं! टायरच्या गोदामाखालच्या तळघरात, चाळीस घडीच्या खुर्च्यांसमोर, त्याने मुलगा म्हणून वाढवलेल्या, आता फटाकडी म्हणवणाऱ्या नटीच्याच आयुष्यावर नाटक बसवलं. आणि शेवट काय, तर तिने डोक्यावरचा टोप उपटायचा, खालचं भादरलेलं डोकं दाखवायचं आणि म्हणायचं, "हे माझं सत्य!"

"अहो, मी बाई आहे. तेच माझं सत्य," फटाकडीने तीनदा सांगितलं.

"लोक त्या क्षणासाठीच येणार गं. आत काय आहे ते त्यांना बघायचं असतं."

"मग स्वतःच्या आत डोकवा म्हणावं मेल्यांना!"

ऐकतो कोण! पालथ्या घड्यावर पाणी.

टोप चिकटवायला तास जातो, म्हणून तालमीत शेवट नुसत्या हातवाऱ्यांवर भागवायचे. फटाकडी डोक्याला रुमाल बांधून यायची. तीन महिन्यांत त्या दीडशहाण्याने एकदाही विचारलं नाही, रुमालाखाली काय आहे म्हणून. ठाऊक होतं ते फक्त रंगभूषा करणाऱ्या काकांना. पहिल्या प्रयोगाला तिचे कमरेपर्यंतचे केस चापूनचोपून टोपाखाली बसवताना त्यांची बोटं दुखून आली.

"हाकलतील तुला, पोरी."

"हाकलू देत. आज ताई येतेय, काका. तिच्यासमोर भादरलेलं डोकं? मेले तरी नाही!"

फटाकडी दहा वर्षांची असताना बाबांनी तिचे केस कापायला न्हावी घरी बोलावला, तेव्हा तिचे दोन्ही हात धरून ठेवले होते ते याच ताईने. गेली नऊ वर्षं दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

दुपारी चारला तिसरी घंटा झाली. ताई पहिल्या रांगेत, मांडीवरची पर्स आवळून बसलेली.

शेवट आला. विंगेतून दिग्दर्शक "आता, आता!" करत होता. फटाकडीने टोप ओढला, काकांनी मोक्याच्या जागी लावलेला चाप सुटला आणि केस सळसळत कमरेपर्यंत आले.

"हे माझं सत्य," ती म्हणाली. वाक्य संहितेतलंच, कानामात्रेचाही फरक नाही.

टाळ्या सुरू झाल्या, पण तिने त्या ऐकल्याच नाहीत. ती ताईकडे बघत होती आणि रागाने अंगाचा नुसता भडका उडाला होता.

रंगपटात ताई आली. कडी लावून तिने फणी उचलली. "गुंता झालाय गं. वेणी घालू?"

"हात लावू नकोस! तेव्हा 'ताई, ताई' म्हणून गळा फाटेस्तोवर ओरडत होते मी."

"बाबांची भीती वाटली मला."

"आणि मला नव्हती वाटत? आधी माफी माग."

बाहेर दिग्दर्शक दार बडवत होता. "वाटोळं केलंस नाटकाचं! उघड!"

"चुकलं माझं," ताई म्हणाली. "हात धरायला नको होते मी."

फटाकडीने डोळे पुसले, स्टूल ओढलं आणि ताईकडे पाठ करून बसली.

"घाल. आणि ओढू नकोस, डोकं ठणकतंय."