नवरदेवाच्या लुंगीची घडी

मुकबिलकाका हौदात पडला तेव्हा मी आधी हसलो. खोटं कशाला सांगू.

येमेनमधल्या याफाच्या डोंगरात वाटेवरचा पावसाच्या पाण्याचा खोल हौद. काका तोंड धुवायला वाकला, शेवाळावरून पाय सटकला, धप्प. वर आला, परत खाली गेला. तेव्हा हसू पळालं. काकाला पोहता येत नाही. मलाही नाही.

कशीबशी त्याची बोटं भिंतीच्या एका भेगेत अडकली. "हैसम! गाढवा, बघतोस काय!"

मी लुंगी सोडली. आत फक्त चड्डी. लुंगी एडनच्या बाजारातली, चकचकीत, नायलॉनची. सकाळपासून काका तिच्यावरून बोलत होता, "ही नेसलीस की सांडलीस?" मी पालथा पडलो, दगडांच्या खाचेत पाय अडकवले, लुंगी खाली सोडली. काकानं धरली. मी ओढली. मुठीतून माशासारखी निसटली.

परत सोडली. या वेळी माझ्याच हातून गेली. बुडाली.

काकाचं एक बोट भेगेतून सुटलं.

उरली फक्त पिशवी. पिशवीत उद्याच्या नवरदेवाची लुंगी, तीच पोचवायला आम्ही निघालो होतो. काकानं चाळीस दिवस मागावर बसून विणलेली, जाड सुती, काठ बोटभर रुंद. मी पिशवीत हात घातला.

"ती नाही हां!" काका खालून ओरडला. "तिची घडी नवरदेवानंच मोडायची!"

"काका, मरशील!"

"अपशकुन होईल रे त्या पोराला!"

"आणि काकीला काय सांगू? घडी शाबूत आहे म्हणून?"

दुसरं बोट सुटलं. मी घडी मोडली.

ओलं सूत त्याच्या मुठीत घट्ट बसलं. मी ओढत राहिलो, कोपरं सोलली, काठ करकरला. वाटलं, आता फाटणार. आधी काकाचं डोकं वर आलं, मग छाती, मग सगळा काका माझ्या अंगावर.

बराच वेळ तो खोकत होता. मग काय केलं असेल? काठ बोटांत धरून धागा न् धागा तपासला.

"एकसुद्धा तुटला नाही," म्हणाला. मग माझ्या उघड्या पायांकडे बघितलं आणि लुंगी माझ्या अंगावर फेकली. "गुंडाळ."

"मी? आणि नवरदेव?"

"घडी तू मोडलीस. त्याच्या बापाला तूच सांगायचं. शिव्या पण तूच खायच्या." काका भिंतीला धरून उठला. "त्याला माझी ठेवणीतली देऊ, मी स्वतःच्या लग्नात नेसलेली. आणि ए, नीट नेस. माझ्या हातचं काम आहे ते."